बीटल्सचं चरित्र वाचताना: टेप, तारखा आणि वेष्टनांवरची नावं

मोनोकान

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या बीटल्स या बँडचं कुठलंही जाडजूड चरित्र उघडा. आधी लिव्हरपूलमधलं बालपण, मग हँबुर्गच्या रात्री, मग किंचाळणारी गर्दी, आणि शेवटी भांडणं नि कोर्ट. गोष्ट रंगते, पण गाणी झाली कशी हे हातातून निसटतं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंद केले. त्यानंतर हा बँड म्हणजे जवळजवळ फक्त स्टुडिओ होता. मग त्या स्टुडिओत काय चाललं होतं ते कळल्याशिवाय चरित्राचा उत्तरार्ध समजणार कसा?

म्हणून चरित्र वाचताना शेजारी दोन गोष्टी ठेवाव्यात. पहिली म्हणजे ध्वनिमुद्रणांची दिनवार नोंद. मार्क ल्यूइसन यांनी ईएमआय या त्यांच्या तबकडी कंपनीच्या टेपा आणि कागद तपासून ती केली आणि १९८८ मध्ये ती छापून आली. कोणत्या दिवशी कोणतं गाणं, कितवा टेक (म्हणजे कितव्यांदा वाजवलेलं), हे त्यात सापडतं. दुसरी म्हणजे ब्रिटिश अल्बमांची क्रमवार यादी. ब्रिटिश हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण अमेरिकन यादी वेगळी आहे.

नवीन चरित्र विकत घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या दोन ठिकाणं उघडून बघा.

एक, 'लव्ह मी डू'. या गाण्यावर तीन ढोलकरी होऊन गेले. ६ जून १९६२ ला बँडचा आधीचा ढोलकरी पीट बेस्ट, ४ सप्टेंबरला रिंगो आणि ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट हा बाहेरून बोलावलेला वादक. त्या ११ तारखेला रिंगोच्या हातात टँबोरिन दिली होती. ५ ऑक्टोबरला आलेल्या पहिल्या सिंगलवर (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीवर) रिंगोचा ४ तारखेचा टेक आहे, आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर अँडी व्हाइटचा. ओळखायची खूण सोपी आहे: टँबोरिनचा छणछणाट ऐकू आला तर ढोल अँडीचे, नाही आला तर रिंगोचे. 'रिंगोला बाजूला सारून अँडीकडून सिंगल वाजवून घेतलं' एवढंच एका वाक्यात उरकणारं पुस्तक बाकी ठिकाणीही घाईतच असणार.

दोन, ईएमआयचा करार. जुन्या पुस्तकांत ठरलेली गोष्ट अशी: ६ जूनला चाचणी झाली, ईएमआयचा निर्माता जॉर्ज मार्टिनला मुलं आवडली, मग करार झाला. पण करारावर तारीख आहे ४ जून, म्हणजे चाचणीच्या दोन दिवस आधीची. हे समजल्यावर सगळा प्रसंगच बदलतो. कंपनीत त्यांच्या बाजूने काहीतरी आधीच हललं होतं, आणि त्यात गाण्यांचे प्रकाशनहक्क हवे असलेली मंडळी होती. नवं चरित्र हे मांडतं का, ते बघा.

---

पांढरी_चार

सहमत. यात कानाच्या बाजूने भर घालतो.

चरित्रात 'सार्जंट पेपर'चं प्रकरण आलं की तो अल्बम मोनोत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणाऱ्या आवृत्तीत ऐका. १९६७ मध्ये बँडने लक्ष घालून, समोर बसून पक्की करून घेतली ती मोनो आवृत्ती. स्टिरिओचं मिश्रण स्टुडिओच्या लोकांनी मागाहून थोड्या दिवसांत उरकलं. दोन्हींत फरक किती? 'शीज लीव्हिंग होम' घ्या. मोनोत ते पांढरी चारमध्ये (पाश्चात्त्य F) आहे, जुन्या स्टिरिओत पांढरी तीनमध्ये (E). मुद्रण पांढरी तीनमध्येच झालं होतं. मोनो करताना टेपचा वेग वाढवला आणि गाणं अर्धा स्वर वर गेलं, लयही चढली. पेटी घेऊन बसलात तर दोन मिनिटांत पडताळता येईल. या गाण्यात चौघांपैकी कुणीही वाद्य वाजवलेलं नाही. तंतुवाद्यांची लिखाणी माइक लिअँडरने केली, कारण जॉर्ज मार्टिन त्या दिवशी मोकळा नव्हता आणि पॉलला थांबायचं नव्हतं. मार्टिन दुखावला हे प्रत्येक चरित्र सांगतं. गाणं मोनोत हलकं आणि स्टिरिओत जड का वाटतं, ते मात्र टेपच्या वेगाकडे गेल्यावरच कळतं.

आता ट्रॅकांचं, म्हणजे टेपवर शेजारीशेजारी मुद्रित होणाऱ्या स्वतंत्र पट्ट्यांचं गणित. हे डोक्यात असेल तर निम्मी प्रकरणं आपोआप उलगडतात.

१९६३ च्या ऑक्टोबरपर्यंत दोन ट्रॅक. एकावर वाद्यं, एकावर गळे. ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात दहा गाणी झाली ती याच पद्धतीने, आणि 'ट्विस्ट अँड शाउट' सर्वांत शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर जॉनचा गळा दुसऱ्या कशाला उरला नसता. १७ ऑक्टोबर १९६३ पासून चार ट्रॅक. आठ ट्रॅक पहिल्यांदा मिळाले ते १९६८ च्या जुलैअखेरीस, 'हे ज्यूड'ला, आणि तेही ईएमआयमध्ये नाही, ट्रायडंट या दुसऱ्या स्टुडिओत.

म्हणजे 'पेपर' संपूर्ण चार ट्रॅकांवर झाला. चार भरले की काय करायचे? ते चारही एकत्र मिसळून दुसऱ्या टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकांवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. यात दोन गोष्टी बिघडतात. प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते. आणि एकदा मिसळलं की ढोल कमी, गिटार जास्त असं करता येत नाही; चूक राहिली तर कायमची राहिली. म्हणून आधी ठरवूनच पुढे जावं लागे. चरित्रकार याला 'प्रतिभा' म्हणतात. होतीच ती, पण निर्णय तिथल्या तिथे घेऊन टाकायची सवय या चार ट्रॅकांनी लावली होती. २०२२ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'चं नवं मिश्रण आलं तेव्हा संगणकाच्या मदतीने ही मिसळलेली वाद्यं पुन्हा वेगळी काढली. तोवर तो मार्ग बंद होता.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स' तर हेडफोन लावून ऐकावंच. ते दोन वेगळे टेक जोडून केलंय, सातवा आणि सव्विसावा. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. जॉनला एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. सव्विसाव्याचा वेग उतरवला तेव्हा लय आणि सूर दोन्ही एकदमच जुळले. जोड बरोब्बर एका मिनिटाला आहे. तिथून पुढे जॉनचा आवाज थोडा जड, झोपेत असल्यासारखा होतो, चेलो आणि तुताऱ्या दाट होतात. जोड एकदा ऐकू आला की दर वेळी ऐकू येतो.

---

अनुक्रमणिका

अमेरिकन यादीचा मुद्दा वर आला, तो थोडा उलगडायला हवा, कारण यावर पुस्तकंच्या पुस्तकं घसरली आहेत.

ब्रिटिश 'रिव्हॉल्व्हर'वर १४ गाणी आहेत, अमेरिकन 'रिव्हॉल्व्हर'वर ११. गळालेली तीनही गाणी मुख्यतः जॉनची: 'आय'म ओन्ली स्लीपिंग', 'अँड युअर बर्ड कॅन सिंग', 'डॉक्टर रॉबर्ट'. ती तिकडे आधीच दुसऱ्या अल्बमवर घालून विकली गेली होती. त्यामुळे अमेरिकन वाचकाच्या 'रिव्हॉल्व्हर'वर जॉनची दोनच गाणी उरली. मग '१९६६ मध्ये जॉन मागे पडला आणि पॉलने सूत्रं घेतली' असा निष्कर्ष कुणी काढला, तर त्याचं मूळ कंपनीच्या कापाकापीत आहे का हे आधी तपासा.

तारखांचाही घोळ होतो. ब्रिटिश कागदावर आपल्यासारखाच आधी दिवस मग महिना, अमेरिकन पुस्तकात आधी महिना. ६/७/५७ म्हणजे ६ जुलै १९५७, वुल्टनच्या चर्चची जत्रा, जॉन आणि पॉलची पहिली भेट. यात ७ जून करून ठेवलेले लेख जालावर सापडतात. शिवाय स्टुडिओतली कामं मध्यरात्र ओलांडून चालत, म्हणून एकाच कामाला दोन पुस्तकांत लागोपाठच्या दोन तारखा दिसल्या तर दोन्ही बरोबर असू शकतात.

आणि संवाद. अवतरणात छापलेलं वाक्य दिसलं की ते केव्हा बोललं गेलं हे मागच्या टिपांत बघा. चार थर पडतात: बँड चालू असतानाचं, १९७०-७१ चं, १९८० पर्यंतचं, आणि ८ डिसेंबर १९८० ला जॉनची हत्या झाल्यानंतरचं. जॉनची डिसेंबर १९७० ची मोठी मुलाखत जखम ताजी असतानाची आहे, त्यातलं बरंच तो स्वतः पुढे मागे घेत गेला. पण वाक्यं धारदार असल्यामुळे चरित्रकार तीच उचलतात. १९८० नंतरच्या आठवणींवर शोकाची छाया आहे. टीप नसलेला संवाद हा लेखकाने रचलेला समजून वाचावा.

हंटर डेव्हिस यांचं १९६८ चं अधिकृत चरित्र याच कारणाने मला मोलाचं वाटतं, आणि त्याच कारणाने अपुरंही. बँड चालू असताना लेखक घरात आणि स्टुडिओत बसलेला, 'विथ अ लिटल हेल्प' लिहिलं जात होतं तेव्हा समोर हजर. इतकं जवळून दुसऱ्या कुणाला बघायला मिळालं नाही. पण मजकूर घरच्यांना दाखवून छापलेला, जॉनच्या मिमी मावशीच्या हरकतींचाही मान राखलेला. त्यामुळे बालपणाची प्रकरणं इतरत्र पडताळावीत आणि १९६७ ची प्रकरणं सावकाश, दोनदा वाचावीत.

---

हिशेबनीस

पैशाची प्रकरणं लोक उडवतात. तसं करू नका, फुटीचं निम्मं कारण तिथे आहे.

आधी नाणी: १ पौंड = २० शिलिंग = २४० पेन्स. १९७१ पर्यंत हेच चालू होतं. रुपये-आणे-पै जसं १९२ चं गणित, तसंच हे.

ईएमआयचा १९६२ चा दर: एका सिंगलमागे १ पेनी, चौघांत मिळून. दहा लाख सिंगल विकली तर १०,००,००० ÷ २४० = सुमारे ४,१६६ पौंड. त्यातून व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइनचा वाटा जाणार, तो जास्तीत जास्त २५ टक्के धरा, उरले ३,१२५. भागिले चार, प्रत्येकी ७८१ पौंड. दहा लाख तबकड्यांना! परदेशातल्या विक्रीवर याच्या निम्मं. एकीकडे 'जगातला सर्वांत लोकप्रिय बँड' आणि दुसरीकडे दौऱ्यांमागून दौरे का, याचं उत्तर या भागाकारात आहे. १९६७ च्या जानेवारीत नवा करार झाला तेव्हा दर सुधारले.

गाणी लिहिण्याचे पैसे वेगळे, आणि खरी दरी तिथे पडली. १९६३ मध्ये त्यांच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क सांभाळणारी नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी निघाली. प्रकाशक डिक जेम्स आणि त्याच्या भागीदाराकडे ५० टक्के, जॉन २०, पॉल २०, ब्रायनकडे १०. म्हणजे स्वतःच्याच गाण्यांवर दोघांना कधीही बहुमत नव्हतं. १९६५ मध्ये समभाग बाजारात आले आणि १९६९ मध्ये डिक जेम्सने आपला हिस्सा एटीव्ही या कंपनीला विकला. जॉन-पॉलची गाणी गेली ती त्या व्यवहारात. जॉर्जला आणि रिंगोला बाजारात आल्यावर मिळालेला वाटा नाममात्र होता. तेव्हा 'जॉर्जला अल्बमवर दोनच गाणी मिळायची' हे वाक्य येईल तिथे लक्षात घ्या की हा मानापमानापुरता प्रश्न नव्हता. अल्बमवरचं एकेक गाणं म्हणजे वर्षानुवर्षांचं उत्पन्न होतं.

---

सुरबहार

आपल्याकडचा भाग चरित्रांत सर्वांत तोकडा असतो. 'जॉर्ज भारतात गेला, सतार शिकला, ध्यान लागलं' असं दोन परिच्छेदांत संपवतात. टप्पे वेगळे करून वाचावेत.

ऑक्टोबर १९६५: 'नॉर्वेजियन वुड'. सतार आहे, पण गिटारची ओळ सतारीवर काढलेली. तालीम नाही.

एप्रिल १९६६: 'लव्ह यू टू'. इथे तबल्यावर अनिल भागवत आहेत आणि 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचं नाव येणं त्या काळी फार दुर्मीळ होतं, आणि ते मराठी आडनावाचं आहे. त्यांना सोळा मात्रांत, पण मोकळेपणाने वाजवायला सांगितलं होतं. आलापीसारख्या तारा छेडून झाल्यावर तबला शिरतो ती जागा ऐका, त्यांच्या ठेक्यानेच गाणं उभं राहतं.

सप्टेंबर १९६६: जॉर्ज मुंबईत, ताजमध्ये खोट्या नावाने उतरलेला, पंडित रविशंकरांकडे तालीम. याचं फळ म्हणजे मार्च १९६७ चं 'विदिन यू विदाउट यू'. खमाज थाट, दिलरुबा, स्वरमंडळ, तंबोरे. गाताना त्रितालाचं वजन आहे आणि मधल्या वाद्यांच्या भागात झपताल. दहा मात्रा बोटांवर मोजत ऐका, दिलरुबा आणि व्हायोलिन-चेलोंचे सवालजबाब कुठे समेवर येतात ते स्पष्ट कळतं. इथे मात्र वादकांची नावं अल्बमवर छापली नाहीत, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक एवढंच. भागवतांना जो मान वर्षभर आधी दिला, तो या मंडळींनाही मिळायला हवा होता. अनेक चरित्रांत आजही फक्त 'काही भारतीय वादक' असतं. हे मला मनापासून खटकतं.

जानेवारी १९६८: मुंबई, एचएमव्हीचा स्टुडिओ. जॉर्ज 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला आला होता. त्याच मुक्कामात १२ जानेवारीला 'द इनर लाइट'ची वाद्यं मुद्रित झाली. गळा लंडनला ६ आणि ८ फेब्रुवारीला घातला, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. त्याची सगळी वाद्यं मुंबईत वाजलेली आहेत. खोली आवाजबंद नव्हती, खालून टॅक्सी गेलेल्या ऐकू येतात असं जॉर्जनेच सांगून ठेवलंय. ते 'इनर लाइट'पेक्षा त्या चित्रपटसंगीताच्या तबकडीवर शोधा.

त्या तबकडीच्या वेष्टनावर नावं आहेत, पण छपाई अशी की ओळख पटू नये. संतूरपुढे 'शिवकुमार शेरमार' छापलंय, म्हणजे आपले शिवकुमार शर्मा. शहनाईपुढे 'शरद आणि हनुमान जादेव', मराठी डोळ्याला तो सरळ जाधव दिसतो. बासरीला एस. आर. केंकरे, सरोदला आशिष खान, तबला-पखवाजाला महापुरुष मिश्र, सतारीला शंभू दास वगैरे, तारशहनाईला विनायक व्होरा. चरित्राच्या शेवटच्या सूचीत ही नावं शोधायची तर चुकलेल्या स्पेलिंगनेही शोधा. बहुतेक लेखकांनी वेष्टनावरून जशीच्या तशी उतरवली आहेत.

---

मोनोकान

सुरबहार, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा झाला. आडनावाची गोष्ट आपल्याखेरीज कुणाच्या लक्षात येणार?

शेवटाच्या क्रमाबद्दल मी वर काही लिहिलं नाही, ते आता लिहितो. 'लेट इट बी' हा शेवटचा अल्बम समजून लोक वाचतात आणि मग १९६९ चं प्रकरण डोक्यात बसत नाही. 'लेट इट बी'ची बहुतेक मुद्रणं जानेवारी १९६९ ची, प्रकाशन ८ मे १९७० चं. 'ॲबी रोड' त्यानंतर मुद्रित झाला आणि आधी, सप्टेंबर १९६९ मध्ये बाहेर आला. म्हणून ॲबी रोड हे शेवटचं काम.

---

तळटीप

इथे एक दुरुस्ती हवी. 'ॲबी रोड' हे चौघांनी मिळून केलेलं शेवटचं काम, असं म्हणावं. बीटल्सच्या नावावरचं शेवटचं मुद्रण त्यानंतरचं आहे: ३ जानेवारी १९७० ला पॉल, जॉर्ज आणि रिंगोने 'आय मी माइन' वाजवलं, जॉन डेन्मार्कमध्ये होता. आणि १ एप्रिल १९७० ला निर्माता फिल स्पेक्टरने वाद्यवृंद चढवला तेव्हा रिंगो ढोलांवर होता. चौघंही एकत्र स्टुडिओत असण्याचा शेवटचा दिवस २० ऑगस्ट १९६९.

फुटीच्या तारखाही अशाच सुट्या कराव्यात, कारण 'बँड १० एप्रिल १९७० ला फुटला' हे वाक्य अर्धवट आहे. रिंगो २२ ऑगस्ट १९६८ ला निघून गेला आणि काही दिवसांनी परतला. 'बॅक इन द यूएसएसआर'वर ढोल त्याचे नाहीत ते त्यामुळे. जॉर्ज १० जानेवारी १९६९ ला निघून गेला आणि अटी घालून परतला. ८ मे १९६९ ला तिघांनी ॲलन क्लाइनला व्यवस्थापक म्हणून सही दिली, पॉलने दिली नाही. २० सप्टेंबरला जॉनने बैठकीत सांगितलं की तो सोडतोय, पण बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. मग १० एप्रिल १९७० ची, पॉल बाहेर पडल्याची बातमी. जगाला ती पहिली वाटली, खोलीतल्या लोकांना ती शेवटची होती. ३१ डिसेंबर १९७० ला पॉलने कोर्टात दावा लावला, आणि भागीदारी कायद्याने विसर्जित व्हायला १९७५ चा जानेवारी उजाडला.

पॉलचा दावा बाकी तिघांवर होता म्हणून काही चरित्रं त्याला खलनायक ठरवतात. त्याला सुटायचं होतं क्लाइनच्या हातातून, पण कायद्याने भागीदारी मोडायची तर दावा भागीदारांवरच लावावा लागतो. हा मुद्दा चरित्रात नीट आला नसेल तर हिशेबनीस यांचा प्रतिसाद शेजारी ठेवून ते प्रकरण पुन्हा वाचा.

---

मोनोकान

दुरुस्ती मान्य, आभार.

वाचणाऱ्यांसाठी एवढं: जाड चरित्र सलग संपवायला जाऊ नका. जून १९६२ पर्यंत सरळ वाचा, तिथवर ऐकायला फारसं नाही. पुढे एक अल्बम, त्याची दिनवार नोंद, मग चरित्रातलं तेवढंच प्रकरण. 'अ डे इन द लाइफ'ला पोचलात की हेडफोन घ्या. मधल्या रिकाम्या २४ मात्राखंडांत बँडचा मदतनीस माल एव्हान्सचा आकडे मोजणारा आवाज येतो, आणि त्या मोजणीच्या शेवटी गजराचं घड्याळ वाजतं. ते फक्त खुणेसाठी ठेवलेलं होतं, पुढे काय भरायचं हे जानेवारीत कुणालाच ठाऊक नव्हतं. १० फेब्रुवारीला चाळीस वादक आले, चार वेळा वाजवून ती जागा भरली. घड्याळ मात्र पुसलं नाही, कारण त्याच्या पाठोपाठ येणारी पॉलची ओळच झोपेतून उठण्याची आहे.